मेन कुणी वर केला?

१

मंगळवारी सकाळी साडेअकराला कृष्णा शिडीवरून पडला, आणि दुपारी एकच्या आत पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीनं ठरवूनही टाकलं की त्याला मोनालीनं पाडलं.

कृष्णा म्हणजे माझा वायरमन. गारखेड्यात माझं लाइटचं दुकान आहे आणि बारा वर्षं माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी लाइट बसवायचं काम तोच करतो. त्या दिवशी तो साहेबरावांच्या घरी होता. त्यांनी गच्चीवर नवी खोली काढली होती. फॉल सीलिंग झालेलं, त्यात आठ गोल होलं पाडलेली, प्रत्येक होलातून वायरची दोन टोकं लोंबत होती. प्रत्येक होलात एक एलईडी लाइट बुडवून बसवायचा, एवढंच काम होतं. कृष्णानं खाली पोर्चमध्ये जाऊन मेन स्विच स्वतःच्या हातानं पाडून घराची लाइट बंद केली, वर येऊन लोखंडी शिडी लावली आणि कोपऱ्यातल्या आठव्या होलातली वायर धरली. त्या वायरीत करंट होता.

खुब्याचं हाड मोडलं, उजव्या हाताची दोन बोटं भाजली. मी दवाखान्यात गेले तेव्हा आधी त्याला झापलंच.

"टेस्टर काय शोभेला ठेवतोस का खिशात?"

"मेन मीच पाडला होता ना, ताई," तो म्हणाला. "त्यांच्याकडं इन्व्हर्टर बी नाय. मग करंट येणार कुठून?"

मेन पुन्हा कुणीतरी वर केल्याशिवाय येणार नव्हता. घरात तेव्हा माणसं तिघं. कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले साहेबराव, त्यांची बायको केसरबाई आणि सून मोनाली. मुलगा अभय शेंद्र्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. किंकाळी ऐकून दोघी बायका वर धावल्या. साहेबराव दूध घेऊन नेमके फाटकातून आत येत होते. ते मागून वर पोचले आणि म्हणाले, "मेन वर होता. मी पाडून आलो."

केसरबाई मागच्या स्वयंपाकघरात होत्या. मोनाली पुढच्या खोलीत, मेनपासून चार पावलांवर. मग गल्लीला आणखी काय लागतं?

शुक्रवारी सकाळी कृष्णाचा थोरला भाऊ कडुबा माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. तीन दिवस खाटेपाशी बसून त्याचे डोळे लाल झाले होते.

"ताई, उद्या सकाळी पोलीस ठाण्यात चाललो. त्या बाईचं नाव देणार."

"तिनंच केलं कशावरून?"

"तिच्या सासऱ्यानंच सांगितलं की मेन वर होता. सासरा आपल्याच सुनेवर खोटं बोलंल व्हय?"

संध्याकाळपर्यंत वेळ दे म्हणून त्याच्याकडं मागितलं, ते मोनालीवर विश्वास होता म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर मलाही तीच वाटत होती, कारण रविवारी माझ्या दुकानात ती काय बोलली ते मी ऐकलं होतं.

२

लाइट निवडायला आलेलं घर मला दहा मिनिटांत कळतं. नवरा वॅट विचारतो, बायको रंग विचारते, सासरा गॅरंटी विचारतो, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या पसंतीचे लाइट घरात जातात. रविवारी साहेबराव, अभय आणि मोनाली आले तेव्हाही वेगळं काही झालं नाही.

मी काउंटरवर दोन नमुने लावून दाखवले. एक पिवळट उजेडाचा, एक पांढऱ्या.

"पिवळा," साहेबराव म्हणाले. "घर हाय आपलं, दवाखाना नाय."

मोनाली ब्लाउजवर आरीचं काम करते. बारीक सुईनं जर आणि दोरा भरायचं नाजूक काम. लग्नसराईत तिच्याकडं रांग असते आणि ती बिचारी जिन्याखाली बसून ते करते. नव्या खोलीचा एक कोपरा तिला कबूल झाला होता.

"बाबा, सात पिवळे लावा," ती म्हणाली. "माझ्या कोपऱ्यात फक्त एक पांढरा. पिवळ्या उजेडात काळा दोरा आणि नेव्ही दोरा एकच दिसतो. मागं एक अख्खी बाही उसवावी लागली मला."

साहेबराव हसले. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडं बघत हसले. "दोरा दोरा असतो, पोरी. आमच्या आईनं चिमणीच्या उजेडात गोधड्या शिवल्या."

गिऱ्हाइकंही हसली. अभय मोबाइलमध्ये बघत राहिला. मला त्याचा रागच आला, पण दुकानदारानं असल्या ठिकाणी तोंड मिटून ठेवायचं असतं. आठही पिवळे ठरले. घरी लावून बघा, म्हणून मी दोन्ही नमुने फुकट सोबत दिले, कारण माझा जीव मोनालीसाठी तुटत होता.

जाताना ती दारात माझ्यापाशी थांबली.

"ताई, असलं काम होऊच नाही पाहिजे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी काम खरोखरच थांबलं, आणि माझा माणूस खाली पडला.

३

शुक्रवारी दुपारी मी लाइट परत न्यायच्या निमित्तानं साहेबरावांकडं गेले. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून एक भरलेली बॅग उभी होती.

"मोनालीला माहेरी पाठवू लालोत, जालन्याला," साहेबराव म्हणाले. "वातावरण निवळेपर्यंत. अभय उद्या सकाळी सोडून येईल."

"आणि तिचा कोपरा?"

"बघू पुढं. खोलीला कुलूपच लावतो म्हणतोय."

म्हणजे मोनालीचं काम गेलं, खोली गेली, आणि उद्या ठाण्यात नाव गेलं की ही बॅग जालन्याहून परत कधी येईल याची खात्री नव्हती. मी साहेबरावांकडं पाहिलं. भला माणूस. विहारात वंदनेला पहिल्या रांगेत असतो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा उजव्या हाताची तर्जनी दिसली. नख अर्धं काळंनिळं झालं होतं.

"हे काय झालं, काका?"

"दारात सापडलं," ते म्हणाले आणि हात मागं घेतला.

स्वयंपाकघरात केसरबाई ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्यापाशी बसले. घरातल्या बाईला सरळ विचारलं की ती घरच्यांची बाजू घेते, म्हणून मी पाण्यावर आले. या शहरात पाण्यावर बोलायला कुणी नाही म्हणत नाही.

"मंगळवारी तुमच्याकडं नळाचा दिवस होता ना, काकू? मिळालं का पाणी?"

"कुठलं मिळतंय!" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आठ दिवसांनी नळ आले, अन् त्याच दिवशी हे. अकराला पाणी आलं, मी मोटर लावली. पंधरा मिनिटं चालली नाय तर कृष्णानं मेन पाडला. म्हटलं असू दे, बटन तसंच ठेवते, मेन चालू झाला की मोटर आपोआप चालू होईल. मग तो पडला, आम्ही दोघी दवाखान्यात, हे एकटे घरी. सांजच्याला आल्यावर यांनी मेन वर केला, तर मोटर कोरडीच घरघरली. टाकी अर्धीच राहिली. चार दिवस झाले, तेवढ्यावरच भागवू लालोत."

मी उठून पोर्चमध्ये गेले. मोटर मेनच्या बरोबर खाली होती आणि तिचा आवाज, केसरबाईच म्हणाल्या, गल्लीच्या टोकाला ऐकू जातो.

मग मी गच्चीवरच्या खोलीत गेले. आठ पिवळे लाइट सीलबंद खोक्यात तसेच होते. दोन नमुने बाजूला पडले होते. मी पांढरा उचलला. या लाइटला दोन बाजूंना दोन ताठ स्प्रिंगा असतात. त्या वर दाबून धरायच्या, लाइट होलात सरकवायचा आणि सोडायच्या, म्हणजे त्या आतून सीलिंगला पकडतात. दोन्ही स्प्रिंगांच्या टोकांना सीलिंगची पांढरी भुकटी चिकटली होती. पिवळा नमुना बघितला, तर त्यालाही तीच भुकटी. कृष्णा पडला तेव्हा त्यानं एकही लाइट बसवला नव्हता. मग हे दोन्ही लाइट होलात घालून बाहेर कुणी काढले होते?

मी भिंतीतल्या उघड्या स्विचबोर्डात डोकावले. आठव्या लाइटच्या वायरची टोकं सोलून पिळलेली होती, आणि पीळ उलटा होता. कृष्णा असा पीळ बारा वर्षांत कधी देताना मी पाहिलेला नाही.

४

गच्चीच्या कठड्यापलीकडं भागूबाईंची गच्ची. मध्ये दीड हाताची फट. भागूबाई आणि साहेबराव एकाच विहारात जातात, पण दोन टोकांना बसतात. सहा वर्षांपूर्वी साहेबरावांनी नळाला मोटर लावली आणि भागूबाईंचा नळ करंगळीएवढा वाहायला लागला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. साहेबरावांनी घरात हुकूमच काढला होता, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

मी खालून वळसा घालून भागूबाईंकडं गेले. म्हातारी तोंडानं फटकळ, पण कान तीक्ष्ण.

"मंगळवारी तुमच्या नळाला धार कशी होती, मावशी?"

तिचा चेहरा उजळला. "काय सांगू बाई तुला! सहा वर्षांत असं पाणी नाय पाहिलं. सव्वाअकराला यांची मोटर बंद झाली, अन् एवढी जाड धार!" तिनं मनगट दाखवलं. "पिंप भरलं, हंडे भरले, वर मशीन लावली, गाद्यांच्या खोळीसुद्धा धुतल्या. एक वाजता पाणी गेलं तवर धार तशीच."

"मध्ये कधी बारीक झाली? घटकाभर?"

"कामून होईल? यांची मोटर चालू झाली असती तर झाली असती. मी नळापाशी बसूनच होते. त्या मोटरीच्या आवाजानं माझी झोप उडती, दिवसा नाय का ऐकू येणार?"

मी तिथंच ओट्यावर बसले. मोटरचं बटण चालूच होतं. म्हणजे मेन क्षणभर जरी वर झाला असता तरी मोटर गर्जली असती आणि भागूबाईंची धार आटली असती. मोटर गर्जली नाही, धार आटली नाही. मंगळवारी सव्वाअकरापासून संध्याकाळपर्यंत साहेबरावांचा मेन कुणीही वर केलेला नव्हता.

मग आठव्या होलात करंट आला कुठून, आणि मेन वर होता असं साहेबरावांनी का सांगितलं?

"मशीन वर कुठंय तुमचं?" मी विचारलं.

भागूबाईंचा चेहरा एकदम मिटला. "कशाला?"

मी तशीच जिना चढले. गच्चीवर, साहेबरावांच्या कठड्याला लागूनच, पत्र्याखाली कपडे धुवायचं मशीन होतं. त्याच्यामागं भिंतीला एक बोर्ड, दोन सॉकेट, आणि दोन्हीला मिळून एकच बटण. एका सॉकेटमध्ये मशीनची पिन होती. दुसऱ्यात एक साधी दोन पायांची पिन खोचलेली, आणि तिला वीतभर वायर लोंबत होती. तिचं टोक हिसका मारून तोडल्यासारखं होतं. उघड्या तांब्याच्या तारा वाऱ्यावर हलत होत्या.

मी आधी बटण बंद केलं, पिन उपटली आणि म्हातारीवर ओरडले. "मावशी, जीव गेला असता तुमचा! कुणाची आहे ही वायर?"

भागूबाईंनी तुटक्या वायरीकडं बघितलं. "सोमवारी सांजच्याला त्यांच्या घरची फेज गेलती. माझ्याकडं लाइट होती. तासाभरासाठी वायर टाकू देता का, म्हणून विचारलं. मी म्हटलं टाका. काम झाल्यावर बटन बंद करा म्हणून आवाज दिला, मी केलं. वायर तशीच राहिली हे मला काय ठाऊक? मंगळवारी पाणी आलं म्हणून मशीनसाठी मीच बटन चालू केलं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "त्या लेकराला मीच शॉक दिला का गं बाई?"

"वायर मागितली कुणी?"

"ते नाय सांगणार. शब्द दिलाय मी. त्या घरात समजलं तर वाईट होईल, असं सांगितलंय मला."

"कुणी सांगितलं?"

तिनं मान हलवली आणि कठड्याकडं पाहिलं. कठड्यावर एका कागदात गुंडाळलेला ब्लाउजपीस ठेवला होता, आणि त्यावर मोनालीच्या अक्षरात माप लिहिलं होतं.

५

मोनाली जिन्याखाली बसून आपले दोरे एका डब्यात भरत होती. मी शेजारी पाटावर बसले.

"कठड्यावरून तू भागूबाईंना ब्लाउज शिवून देतेस."

ती दचकली. "दोन वर्षं झाली. त्यांच्या नातीचे. बाबांना सांगू नका, ताई."

"सोमवारी संध्याकाळी फेज गेली तेव्हा घरी कोण होतं?"

"आई विहारात गेल्या होत्या. अभय गाडीत हवा भरायला. मी मागच्या दारी पायरीवर बसून हूक लावत होते, उजेड होता तोवर. बाबा फिरायला गेले होते."

"गेले होते, का तुला तसं सांगितलं होतं?"

तिचा हात डब्यात काहीतरी शोधत होता.

"काय हरवलंय?"

"दोन रिळं. काळं आणि नेव्ही. सोमवारपासून सापडत नाहीत. आता काय उपयोग म्हणा, पण पुढच्या आठवड्यातल्या नवरीचा ब्लाउज त्याच रंगात आहे." तिनं डब्याचं झाकण लावलं. "जालन्यात तो दोरा मिळत नाही."

मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. शंका दोघांवर होती. मोनालीचं भागूबाईंशी गुपचूप येणंजाणं होतं. साहेबरावांचं सहा वर्षं तोंडही बघणं नव्हतं. वायर मागायला कोण गेलं असेल, हे गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच आलं असतं. पण दोन्ही नमुन्यांच्या स्प्रिंगांना भुकटी होती. कुणीतरी आधी एक लाइट लावून बघितला होता, मग दुसरा. मोनालीला बघायची गरजच काय होती? पिवळ्यात काळा आणि नेव्ही एक दिसतो, हे ती बाही उसवून शिकली होती. जो नक्की सांगू शकत नव्हता, त्यालाच दोन्ही लावून बघावं लागलं असणार.

आणि ती स्प्रिंग. नवख्या माणसाच्या हातून ती निसटतेच, आणि बोट सीलिंग आणि लाइटच्या पत्र्याच्या मध्ये सापडतं. माझ्याकडं काम शिकलेल्या प्रत्येकाचं पहिल्या आठवड्यात तर्जनीचं नख काळं झालेलं आहे.

मी कडुबाला फोन केला आणि पाच वाजता साहेबरावांकडं यायला सांगितलं. मग पुन्हा भागूबाईंकडं गेले. त्या यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, शब्द मोडू नका, नुसत्या येऊन बसा.

६

पाचला नव्या खोलीत सगळे जमले. भागूबाईंना दारात बघून साहेबराव उठून उभे राहिले आणि परत बसले. अभय पाळीवरून सरळ आला होता, कंपनीच्या शर्टातच. कडुबा भिंतीला टेकून उभा होता. केसरबाई आणि मोनाली दाराशी.

मी मोटरपासून सुरुवात केली. केसरबाईंनी बटण चालू ठेवलं, भागूबाईंची धार एक वाजेपर्यंत मनगटाएवढी राहिली, म्हणजे मेन पाडलेलाच होता. मग बोर्डातला उलटा पीळ, कठड्यावरून आलेली वायर, मशीनचं बटण. एकेक गोष्ट सांगत गेले तसा कडुबा भिंतीपासून सरळ होत गेला.

"म्हणजे मेन कुणीच वर केला नाय?" तो म्हणाला.

"कुणीच नाही. मेन वर होता असं सांगणारा माणूस एकच आहे."

अभयनं आधी माझ्याकडं आणि मग बापाकडं पाहिलं. "बाबा?"

"काका," मी म्हटलं, "मंगळवारी सगळे दवाखान्यात गेले तेव्हा घरी तुम्ही एकटे राहिलात. वायर तेव्हाच ओढलीत. पिन मात्र पलीकडं तुटून राहिली. नख दारात सापडलेलं नाही, स्प्रिंगनं धरलंय. आणि मोनालीची दोन रिळं तुमच्याकडं आहेत असं मला वाटतं."

साहेबरावांनी चष्म्याचं घर उघडलं आणि दोन रिळं बाहेर काढली.

"दुकानात मी हसलो हिला," ते म्हणाले. "घरी आल्यावर मनाला लागलं. म्हटलं एकदा बघावं. सोमवारी हिचे दोरे घेऊन वर आलो अन् तेवढ्यात फेज गेली. रातच्याला सगळे घरी असतात, तव्हा बघता आलं नसतं. मग भागूबाईला आवाज दिला. सहा वर्षांनी." त्यांनी तिकडं पाहिलं नाही. "पिवळा लावला, दोन्ही रिळं एकच दिसली. पांढरा लावला, तर निराळी. पोरीचं खरं होतं. तेवढ्यात खाली अभयची गाडी वाजली, घाईघाईत लाइट काढले, बटन बंद करायला सांगितलं, अन् वायर तशीच राहिली. मंगळवारी कृष्णाला तिच्या कोपऱ्यात पांढराच लाव म्हणून सांगणार होतो. तेवढ्यात दूध आणायला गेलो."

"मग मेन वर होता असं कामून सांगितलं?" कडुबाचा आवाज चढला.

"पोर्चमध्ये आलो, तर मेन पाडलेलाच. वरून किंकाळी. मला तव्हाच वायर आठवली. मी घाबरलो रे. तोंडातून निघून गेलं. वाटलं, चुकून झालं म्हणतील अन् सोडून देतील. मग गल्ली हिचं नाव घेऊ लागली. मी रोज म्हणायचो आज सांगतो, आज सांगतो. कसं सांगणार? ज्या घरचं पाणी मी लेकरांना पिऊ दिलं नाय, तिथून वायर आणली म्हणून कसं सांगणार?"

"अन् त्यापायी पोरीला ठाण्यात धाडत होतास?" भागूबाई म्हणाल्या.

कडुबा पुढं आला. मला वाटलं आता हात उचलतो. पण त्यानं नुसतं बोट रोखलं. "ठाण्यात जायचं का नाय ते कृष्णा ठरवंल. पण आधी तुम्ही त्याच्या खाटेपाशी चला अन् हे सगळं तुमच्या तोंडानं सांगा. आत्ताच्या आत्ता."

"येतो," साहेबराव म्हणाले. मग मोनालीकडं वळले. दोन्ही रिळं तिच्यापुढं धरली. "तू जाऊ नको, पोरी. माझं चुकलं. ही खोली तुझी."

अभय हसला, सुटल्यासारखा. "चला. मिटलं एकदाचं. मोनाली, बॅग आत ठेव."

मोनालीनं रिळं घेतली. काळं कुठलं आणि नेव्ही कुठलं ते बघून नीट डब्यात ठेवली.

"मी जाते," ती म्हणाली.

"आता कामून? आता तर तुझ्यावरचं सगळं गेलं."

"बाबा घाबरले, खोटं बोलले. ते मला कळतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "पण अभय, मंगळवारपासून आज शुक्रवार. तू शेजारी झोपतोस. तू मला एकदाही विचारलं नाहीस की मोनाली, मेन तू वर केलास का? आईंनी नाही विचारलं. तू बॅग काढून दिलीस. नाही म्हणायची संधीच कुणी दिली नाही मला."

मी मनात उलटसुलट आठवू लागले. मी तिला कठड्याचं विचारलं होतं, फेजचं विचारलं होतं, दोऱ्यांचं विचारलं होतं. जे विचारायला हवं होतं ते मीही विचारलं नव्हतं. भुकटीवर आणि नळाच्या धारेवर माझा जेवढा विश्वास होता तेवढा तिच्या तोंडच्या शब्दावर नव्हता, आणि मला माझीच लाज वाटली.

ती खाली गेली. अभय जिन्याशी उभा राहिला, जायचं की नाही ते न ठरवता. तेवढ्यात केसरबाई त्याला बाजूला सारून खाली उतरल्या. पुढच्या खोलीत त्यांनी खुंटीवरची आपली पिशवी घेतली, दोन लुगडी कोंबली आणि चपला पायात घातल्या.

"आई, तू कुठं?" अभय वरून ओरडला.

"मी बी नाय विचारलं हिला," केसरबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली, या घरात मलाबी कुणी काय विचारलं नाय, म्हणून सवयच गेली. आता जालन्यापर्यंत बसमध्ये विचारीन. भाकरी तुम्ही बापलेक थापा."

मोनालीनं त्यांच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. दोघी फाटकाबाहेर पडल्या, आणि मी पुढं पळत जाऊन त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.